कोमट पाणी, धुतलेले हात

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



पनवेल तालुक्यातल्या एका बचत गटाने प्रश्न विचारलाय. गटातल्या एका मावशींची सून खारघरला असते, तिला सहावा महिना आहे. तिने सासूबाईंना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. बाई मोठ्या टबात, छातीपर्यंत पाण्यात बसली आहे, कळा देते आहे आणि बाळ पाण्यातच जन्माला येतंय. सून म्हणते, मलाही असंच बाळंत व्हायचंय. सासूबाई म्हणतात, अगं, बाळ बुडेल की! गटात यावर बरीच चर्चा झाली म्हणे, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून विचारलं: हे नवीन फॅड आहे की यात काही तथ्य आहे? आणि टब विकत आणून घरीच केलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. घरी नाही. का नाही, ते पुढे येईलच. पण बाकीचा प्रश्न मला फार आवडला, कारण तो सोडवायला बाळंतपणाचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो, आणि त्यात आपल्या आज्या-पणज्याही येतात.

सासूबाईंची भीती अगदी रास्त आहे. म्हणून आधी तेच बघू. बाळ पोटात नऊ महिने पाण्यातच असतं. आपण म्हणतोच ना, पाणमोट फुटली. मला तरी वाटतं, हा शब्द विहिरीवरच्या मोटेवरून आला असावा, मोट ओढताना पाहिलेल्या कुणा बाईने तो केला असावा. तर त्या पाण्यात बाळ नाकाने श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो नाळेतून, आईच्या रक्तातून. बाहेर आल्यावर गार हवा तोंडाला लागते, नाळेचा पुरवठा थांबत जातो, आणि मग ते पहिला श्वास घेतं, रडतं. पाण्यात जन्मलेलं बाळ कोमट पाण्यातून कोमट पाण्यातच येतं. नाळ चालू असते, म्हणून सुदृढ बाळ ते क्षणभर श्वास धरून असतं. पण हे झालं सुदृढ बाळाचं. आत गुदमरलेलं, कळांनी थकलेलं बाळ पाण्यातच श्वास ओढू शकतं. तेव्हा सासूबाई चुकीचं बोलल्या नाहीत. अशी बाळं आधी ओळखता आली पाहिजेत, आणि ती ओळखणारं माणूस तिथे हजर पाहिजे. आजच्या बोलण्याचा निम्मा भाग याच माणसाबद्दल आहे.

आता इतिहास. बाळंतपण आणि गरम पाणी यांची जोडी आपल्याला कुणी परदेशातून येऊन शिकवलेली नाही. न्हाणीत पेटलेला बंब, तेल लावून अंग रगडणारी बाई, कंबरेवर धारेने ओतलेलं ऊन पाणी, मग शेगडी आणि ओवा-बाळंतशेपांची धुरी. हे झालं बाळंतपणानंतरचं. पण सुश्रुतसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, कळा सुरू झालेल्या बाईसाठीही सांगितलंय: तिला तेल लावावं, गरम पाण्याने न्हाऊ घालावं आणि पोटभर पेज पाजावी. पेज पाजावी हे मला विशेष वाटतं. आपल्याकडे कितीतरी बायकांना कळा सुरू झाल्यावर उपाशी ठेवलं गेलं आहे.

आपलं पनवेल तर आयुर्वेदाचंच गाव. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथे धूतपापेश्वर औषध कारखान्याची सुरुवात केली. पुढे या नावाची औषधं घराघरांत गेली, आणि बाळंतिणीच्या उशाशी दशमूलारिष्टाची बाटली आली. हे गाव तळ्यांचंही. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे. नगरपालिका १८५२ची, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. पण नगरपालिका आहे म्हणून घरोघरी नळ आला असं नव्हतं. तळ्याचं, विहिरीचं पाणी डोक्यावरून आणायचं, तापवायचं, आणि हे सगळं बाईनेच दुसऱ्या बाईसाठी करायचं. बाळंतिणीला रोज न्हाऊ घालायचं तर घरातल्या कुणीतरी रोज चार हंडे जास्त वाहिलेले असायचे. तिचं नाव कुठल्याही ग्रंथात नाही.

बाळ पाण्यातच जन्मल्याची युरोपातली जुनी नोंद १८०३ सालची आहे, फ्रान्समधली. एक बाई दोन दिवस कळा देत होती. बाळ पुढे सरकेना, बाई दमून गेली. शेवटी तिला गरम पाण्याच्या टबात बसवलं, जरा बरं वाटावं म्हणून. आणि थोड्याच वेळात बाळ पाण्यात जन्मलं. डॉक्टरांनी ती हकिकत वैद्यकीय मासिकाला कळवली, आणि मग दीडशेहून जास्त वर्षं या गोष्टीची फारशी कुणी दखल घेतली नाही.

१९६०च्या दशकात रशियात इगोर चारकोव्हस्की नावाच्या माणसाने पाण्यातल्या जन्माचा मोठा गाजावाजा केला. हा डॉक्टर नव्हता. लहान बाळांना पाण्यात बुडवण्याच्या त्याच्या पद्धतींवर पुढे कडक टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. फ्रान्समधल्या डॉक्टर फ्रेडरिक लेबॉयेर यांची गोष्ट वेगळी. त्यांनी १९७४ साली पुस्तक लिहून विचारलं, की जन्मलेल्या बाळाला डोळ्यांवर झगझगीत दिवे, उलटं धरणं आणि फटके हे कशासाठी? उजेड मंद ठेवा, बाळाला आईच्या पोटावर ठेवा, मग कोमट पाण्यात अंघोळ घाला. हेच लेबॉयेर भारतात आले होते. कोलकात्यात त्यांनी शांताला नावाची एक आई पाहिली. ती पाय पसरून बसून आपल्या बाळाला तेल लावत होती. आपण सगळ्या लावतो तसंच. त्यांनी तिचे फोटो काढले आणि १९७६ साली तिच्याच नावाचं पुस्तक केलं. युरोपातल्या बायका त्या पुस्तकातून बाळाला तेल लावायला शिकल्या. आपल्याकडे तोवर काही शिकलेल्या घरांतून तेल-मालीश मागासलेलं ठरू लागलं होतं! असो.

खरी सुरुवात झाली ती पिथिव्हिए नावाच्या छोट्या फ्रेंच गावातल्या सरकारी दवाखान्यात. तिथले डॉक्टर मिशेल ओदाँ. त्यांनी बाळंतपणाच्या खोलीत लहान मुलं डुंबतात तसा एक हौद आणून ठेवला. बाळ पाण्यात जन्मावं म्हणून नव्हे. कळा असह्य झालेल्या बाईला सुई न टोचता आराम मिळावा, एवढ्यासाठी. झालं असं, की काही बायका पाण्यात बसल्यावर इतक्या मोकळ्या झाल्या, की बाहेर यायला वेळच उरला नाही. काहींना बाहेर यायचंच नव्हतं. अशी शंभर बाळं झाल्यावर १९८३ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल दिला. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. व्हिडिओत दिसतो तो बाळ पाण्यातून वर येण्याचा क्षण. पण पाण्याचा खरा उपयोग त्याआधीच्या तासांत आहे. पाण्यात अंगाचं वजन हलकं होतं, कंबर मोकळी होते, बाईला वळता येतं, उकिडवं बसता येतं, भीती कमी होते. २०१८ साली १५ अभ्यास, त्यातल्या ३,६६३ बायका, यांचा एकत्र हिशेब झाला. त्यात दिसलं, की कळांच्या काळात पाण्यात बसणाऱ्या बायकांना पाठीच्या कण्यात भूल देण्याची गरज थोडी कमी लागते, आणि बाळाला त्यामुळे जास्त त्रास झाल्याचं दिसलं नाही. सिझर टळतंच असं मात्र नाही. ‘पाण्यात बसा, सिझर टाळा’ अशी जाहिरात दिसली तर ती जाहिरातच समजा.

इंग्लंडमध्ये १९९२ साली पार्लमेंटच्या समितीनेच शिफारस केली, की जिथे शक्य असेल तिथे दवाखान्यांनी बायकांना हौदाची सोय द्यावी. दिली. मग काय झालं ते मोजलंही, आणि हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. १९९४ ते १९९६ या काळात पाण्यात जन्मलेल्या ४,०३२ बाळांची माहिती गोळा केली. पाण्यामुळेच बाळ दगावलं असं एकही उदाहरण सापडलं नाही. पण दोन बाळांच्या छातीत पाणी गेलं होतं. काही बाळांची नाळ, त्यांना पाण्यातून घाईने वर घेताना, ताण बसून तुटली होती. आणि लक्षात घ्या, या सगळ्या बायका निवडलेल्या होत्या. धोका नसलेल्या, दिवस पूर्ण भरलेल्या. त्यांच्याजवळ शिकलेल्या सुईणी होत्या. त्या आकड्यांचा अर्थ त्या सुईणींना वगळून लावता येत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना तर आजही म्हणते, कळा हव्या तर पाण्यात काढा, पण बाळ बाहेरच जन्मू द्या. इंग्लंडच्या सुईणी म्हणतात, निरोगी बाईला दोन्हीची मुभा असावी. म्हणजे तज्ज्ञांचंही यावर एकमत नाही.

आता एक वाईट गोष्ट. २०१४ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एक बाळ पाण्यात जन्मलं. टब विहिरीच्या पाण्याने भरला होता. ते पाणी शुद्ध केलेलं नव्हतं आणि टब दोन आठवडे आधीच भरून ठेवला होता. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. पाणी दिसायला स्वच्छच असतं. सहाव्या दिवशी बाळाला दवाखान्यात न्यावं लागलं. श्वास लागला होता. ते वाचलं नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्येही, घरी आधीपासून भरून गरम ठेवलेल्या हौदात जन्मलेल्या एका बाळाला हाच आजार झाला, आणि तिथल्या आरोग्य खात्याने तसे हौद वापरू नका असं सगळीकडे कळवलं.

सहावा दिवस म्हटलं, की आपल्याला काय आठवतं? सटवाई. पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते. मी या रीतीची चेष्टा करत नाही. त्यामागे आयांनी बघितलेलं दुःख आहे. सहाव्या-सातव्या दिवशी धडधाकट बाळ अचानक दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठ व्हायचं, आणि जायचं. तो धनुर्वात होता. विळ्याने नाळ कापली, तिच्यावर राख किंवा शेण लावलं, की तिथून तो शिरायचा. सटवाईच्या नावावर कितीतरी बाळं लिहिली गेली, ती खरं तर एका न उकळलेल्या पात्याने नेली.

आणि इथे मी आपल्या मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला येते. बाळंतपण सुरक्षित केलं तेही पाण्यानेच. टबातल्या नव्हे, हात धुण्याच्या पाण्याने.

१८४७ साली व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या वॉर्डात शंभरातल्या दहाएक बायका बाळंतज्वराने मरायच्या, कधी कधी त्याहूनही जास्त. सुईणींच्या वॉर्डात त्याच्या निम्म्याहून कमी. गावातल्या बायकांना हे माहीत होतं. आम्हाला सुईणींकडे पाठवा म्हणून त्या रडायच्या. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं, की डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. मृत्यू शंभरात एक-दोनवर आले. आणि मोठे डॉक्टर रागावले! आमचे हात अस्वच्छ म्हणजे काय?

आपल्याकडे उलटं झालं. इथे सगळा दोष सुईणीवर ढकलला गेला. सुईण बहुतेक गरीब घरची. अनेक गावांत मातंग समाजातली बाई हे काम करायची. अडल्या वेळी मध्यरात्री तिलाच हाक मारायची, मागल्या दाराने घरात घ्यायचं, काम झालं की लुगडं-खण आणि पायलीभर धान्य देऊन वाटेला लावायचं. तिला विटाळाची म्हणायचं, अंधाऱ्या खोलीत, जुन्या फडक्यांवर बाळंतपण करायला लावायचं, पाणी वरून ओतायचं, आणि वर म्हणायचं सुईण अस्वच्छ. पायाळू बाळ कसं फिरवावं, कळा खऱ्या की खोट्या, हे ती हाताने ओळखायची. जंतूंबद्दल तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

इथून फार लांब नसलेल्या कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी तुम्हाला ठाऊकच आहेत. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांत गेलं, आणि त्यातून डॉक्टर व्हायचं ठरलं. १८८६ साली अमेरिकेत त्यांनी पदवी घेतली. मला नेहमी लक्षात राहतो तो त्यांच्या प्रबंधाचा विषय: हिंदूंमधलं जुनं प्रसूतिशास्त्र. इतक्या दूर जाऊन या मुलीने लिहिलं ते आपल्याकडच्या बाळंतपणाबद्दल. परत आल्या त्या आजारी होऊनच, आणि १८८७ साली बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधी गेल्या. त्याच सुमारास, १८८६ साली, मुंबईत फक्त बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं, तिथे एडिथ पीची या इंग्रज डॉक्टरबाई काम करत होत्या. १९०३ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी दाईंना शिकवण्यासाठी निधी काढला. पण शहराबाहेरच्या बायकांपर्यंत यातलं फार थोडं पोहोचलं.

ते पोहोचायला १९७० साल उजाडावं लागलं. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना, त्यातल्या बऱ्याच दलित आणि निरक्षर, आरोग्याचं शिक्षण दिलं. गडचिरोलीत डॉक्टर राणी आणि अभय बंग यांनी गावातल्या बायकांच्या हातून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली. १९९९ साली त्यांनी जगाला दाखवलं, की त्यामुळे त्या गावांतले बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. आशाताई तुमच्या दारी येते, तिची मुळं इथे आहेत. आणि सगळीकडे शिकवल्या गेल्या त्या पाच स्वच्छता: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ धागा, आणि नाळेवर काही न लावता ती स्वच्छ, कोरडी ठेवणं. त्याच्या जोडीला गरोदरपणी धनुर्वाताची लस. २०१५ साली भारतातून आई-बाळाचा धनुर्वात जवळजवळ हटल्याचं जाहीर झालं. यात कुठेही महागडं यंत्र नाही.

आज महाराष्ट्रात शंभरातली सुमारे ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८ ते २०२० च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यात लाख जन्मांमागे ३३ आया दगावल्या, देशात ९७. या ३३ मध्ये वाडीवरच्या बायका आहेत, डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणलेल्या बायका आहेत. खारघरहून माथेरानच्या पायथ्याकडे निघालात, तर तासाभरात तुम्ही एका काळातून दुसऱ्या काळात जाता. एकीकडे हौदाची सोय विचारणारी सून, दुसरीकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी वाडी. बाळंतपणाचा हौद भरायला तीनशे लिटरच्या वर पाणी लागतं. म्हणजे वीसेक हंडे, तेही शुद्ध आणि गरम. रायगडातल्या कितीतरी वाड्यांत एवढं पाणी एका घराला चार दिवस पुरवावं लागतं. मी सुनेला हिणवत नाही. तिला सुखाने बाळंत व्हायचंय, यात वावगं काय? पण वाडीवरच्या बाईलाही सुख हवंच की. तिच्यासाठी पाण्याचा हौद नको, तर बाळंतपणाच्या खोलीत वाहता नळ हवा. आपल्या आरोग्य केंद्रात तो आहे का, हे गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीत विचारता येतं. त्या समितीत बायका असतात, आणि तिला खर्चाला थोडा निधीही मिळतो. विचारा.

आता घरी का नाही, ते. बाळंतपणात आईचा जीव जातो तो सगळ्यात जास्त वेळा अंगावरून रक्त गेल्याने, आणि पाण्यात किती रक्त गेलं ते कळतच नाही. थोडंसं रक्तही पाणी लाल करतं आणि खूप गेलं तरी ते पाण्यातच विरतं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यांना थोडा रक्तस्रावही सोसत नाही. २०१८ साली तमिळनाडूत तिरुप्पूरला एका बाईचं बाळंतपण मोबाईलवरचे व्हिडिओ बघून घरी केलं. टब नव्हता, पण बाकी सगळं तसंच, घरचेच लोक आणि मोबाईल. रक्तस्रावाने ती गेली. बाळाला श्वास द्यायला एक मिनिट मिळतं, रक्त थांबवायला फार थोडा वेळ. मोबाईल ते करत नाही.

ज्यांनी पाण्याच्या वाटेला जाऊच नये, त्यांचंही सांगते. बीपी वाढलेलं, जुळं, पायाळू किंवा आडवं बाळ, दिवस पूर्ण न भरलेले, आधीचं सिझर, ताप किंवा अंगावरून रक्त जाणं, खूप कमी रक्त, सिकलसेल, आणि पाणमोट फुटल्यावर हिरवट पाणी येणं, म्हणजे बाळाने आत शी केलेली असते. यातलं काही असेल तर हौदाचा विषयच संपला.

पण कोमट पाण्याचा विषय संपत नाही! कंबरेला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, पाठ चोळणं, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या सूचनांमध्ये कळांसाठी चालेल म्हणून सांगितलंय. आपल्या आजीला ते माहीत होतं. कळांच्या सुरुवातीला, आरोग्यसेविकेला विचारून, कोमट पाण्याने अंघोळ करता येते. कोमट हं, कडकडीत नाही. हौदातसुद्धा पाणी साडेसदतीस अंशांच्या वर जाऊ देत नाहीत; आईचं अंग जास्त तापलं की आत बाळाचे ठोके वाढतात. आणि सोबत. २०१६ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी एक बाई सोबतीला राहू शकते असा केंद्र सरकारचा निर्णय आहे. सासूबाई, तुम्हीच जा ना तिच्याबरोबर. आणि सोय कुणाला वेळेवर लागली, तर गरोदर बाईला दवाखान्यात न्यायची गाडी १०२ वर आणि अडचणीची १०८ वर, दोन्हीला पैसे पडत नाहीत.

राहिली खारघरची सून. मुंबई-पुण्याकडच्या काही खासगी दवाखान्यांत हौदाची सोय आहे. २०१८ साली केंद्र सरकारनेही नर्सना पुढचं शिक्षण देऊन सुईण करण्याचं धोरण आणलं. म्हणजे ज्या सुईणीला आपण मागल्या दाराने घेत होतो, ती शिक्षण घेऊन पुढच्या दाराने परत येते आहे. तेव्हा सुनेला जायचं असेल तर तिने जावं, पण बिल किती याच्या आधी पाच गोष्टी विचाराव्यात. हौद प्रत्येक बाईनंतर कशाने धुता आणि पाणी कधी भरता? माझ्याजवळ पूर्ण वेळ कोण बसणार, आणि त्या बाईने अशी किती बाळंतपणं केली आहेत? बाळाचे ठोके पाण्यात कशाने ऐकणार? वार कुठे पडू देणार, पाण्यात की बाहेर? (बाहेर, हेच उत्तर हवं.) आणि शस्त्रक्रियेची खोली याच इमारतीत आहे का, की गाडीने जावं लागेल?

यावर कुणी म्हणालं, ‘मॅडम, काळजीच करू नका, पाण्यात काही होतच नाही,’ तर पर्स उचलून निघायचं. आणि कुणी म्हणालं, ‘आम्ही पाण्यातून बाहेर या म्हटलं, की लगेच बाहेर यावं लागेल, त्या वेळी वाद घालायचा नाही,’ तर तिथे थांबून पुढचं बोलायचं.